दुसरी गाडी तुझ्या हातची नको

पोरी,

पत्र मिळालं, तू स्वतः बांधलेल्या गाडीचे फोटोही मिळाले. डिफरन्शियलच्या (इंजिनाची ताकद चाकांत वाटणाऱ्या भागाच्या) वरचे पाइप तू ज्या सफाईनं भिडवलेस ते बघून उद्यमनगरातल्या माझ्या वस्तादांनी पाठीवर थाप मारली असती आणि लगेच एक खोटही काढली असती. खोट मी शनिवारी काढीन. आज तुझ्या प्रश्नाचं बघू.

चार जणांनी विचारलं, ‘आम्हाला पण अशी दे.’ तू हिशोब मांडलास: चॅसी म्हणजे पाइपांचा सांगाडा, विशबोन म्हणजे चाक धरणारे दांडे, गाडीचं पुढचं नाक आणि मडगार्ड मिळून २८०० पौंडांचं किट, म्हणजे गिऱ्हाइकानं घरी जोडायचं सामान; वर्षाला अशी सहा. काका, करू का?

यंदा नको. का नको ते सांगतो, मग तुझं तू ठरव.

१९९८ साली कॉव्हेंट्रीजवळच्या एका शेडमध्ये मी अशाच नऊ चॅसी करून विकल्या. हे तुला कधी बोललो नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. सहाव्या चॅसीच्या वेळी जिगवरच्या, म्हणजे वेल्ड करताना पाइप जागच्या जागी धरणाऱ्या साच्यावरच्या, एका क्लॅम्पचा बोल्ट सैल झाला आणि पुढच्या डाव्या बाजूचा विशबोनचा खालचा ब्रॅकेट ४ मिमी मागे सरकून वेल्ड झाला. मी कर्ण मोजत होतो, पण ज्या दोन कोपऱ्यांवरून मोजत होतो ते कोपरे बरोबरच होते. गिऱ्हाईक वेल्समधला एक शाळामास्तर. त्याची गाडी डावीकडे ओढायची. अख्खा हिवाळा त्यानं टायर बदलले, अलाइनमेंट करून घेतली, स्टिअरिंगचा रॅकसुद्धा दुसरा घातला. चूक आपल्याच हातून झाली असणार, असं तो धरून चालला होता. शेवटी गुण्या आणि दोरी लावून त्यानं माप काढलं आणि मला एक सभ्य पत्र लिहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

सहाव्यानंतरच्या तिन्ही चॅसींची तीच गत असणार हे उघड होतं. ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन गाडीत टाकून मी चार गावं फिरलो, ब्रॅकेट कापले, पुन्हा लावले. नऊ चॅसींचा नफा त्या चार फेऱ्यांत गेला. दहावी केली नाही.

आता तुझ्या गाडीकडे बघ आणि खरं सांग. किती भोकं तू कानशीनं लांबवलीस? किती ठिकाणी बुश बसेना म्हणून जरा घासलंस, जरा ठोकलंस, एक वॉशर जास्त घातलास? यात लाजण्यासारखं काही नाही, पहिली गाडी अशीच होते. पण ती कानस किटच्या खोक्यात जात नाही. तू जे हातानं जमवून घेतलंस ते सगळं गिऱ्हाइकाच्या गॅरेजात रात्री साडेदहाला त्याच्यापुढे उभं राहणार, आणि त्याच्याकडे तुझा फोन नंबर असणार.

या धंद्याची मुळं कशात आहेत तेही ध्यानात ठेव. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीनं १९५७ साली सेव्हन ही हलकी दोन सीटांची गाडी काढली तेव्हा इथे ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स हा खरेदीवरचा कर होता आणि सुट्या भागांवर तो लागत नव्हता. म्हणून लोक गाडी खोक्यातून नेत. जोडणीच्या सूचना सोबत दिल्या तर कर लागेल, म्हणून गाडी ‘उकलण्याच्या’ सूचना देत आणि त्या उलट्या वाचायच्या, असं जुने लोक हसत सांगतात. १९७३ ला व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हन बनवायचा हक्क केटरहॅम कंपनीकडे गेला. आज किट घेणारा कर वाचवायला घेत नाही. तो हौसेला येतो आणि पैसे मोजतो ते बोल्ट भोकात जाईल या खात्रीसाठी. नुसती स्वस्त गाडी हवी असेल, तर २५० पौंडांत गाडी घरी बांधा म्हणणाऱ्या १९९६ च्या त्या पुस्तकानंतर चौकोनी पाइप विकत आणून घरी चॅसी करणारे इथे रग्गड आहेत. ते तुझ्याकडे येणार नाहीत.

म्हणजे तू विकणार ती खात्री. ती अजून तुझ्याकडे नाही.

ती मिळवायची एक वाट सांगतो. त्या चौघांतला जो सर्वांत कमी हुशार वाटतो त्याला निवड. फार हुशार माणूस तुझ्या चुका न बोलता दुरुस्त करून टाकील आणि तुला कळणारही नाही. त्याला सामानाच्या किमतीत एक किट दे. तो जोडत असताना शेजारी स्टुलावर बस आणि तोंड बंद ठेव. अगदीच अडला आणि तुला बोलावंच लागलं, तर प्रत्येक वेळी वहीत एक ओळ लिही. बोल्टच्या पिशवीतला एखादा नट कमी पडला, ओळ. ब्रेकची नळी कुठून न्यायची विचारलं, ओळ. माझा अंदाज, दोनशे पानी वही अर्धी भरेल. ती वही तुझं मॅन्युअल, आणि किटमधली सगळ्यात महागडी वस्तूही तीच. ती लिहायला वर्ष जाईल. गाडी बांधायला तुला तीन वर्षं लागली, तेव्हा एक वर्ष फार नाही.

आयव्हीएच्या, म्हणजे घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीच्या सरकारी तपासणीत तुझी गाडी पहिल्या खेपेला कशावर अडकली होती, आठवतं ना? आरशाच्या ब्रॅकेटची कड. तपासणीचा १०० मिमीचा गोळा जिथे टेकतो त्या बाहेरच्या कडेला २.५ मिमी तरी गोलाई हवी. तुझी कड सुरीसारखी होती. तू घरी येऊन एका संध्याकाळी घासलीस. गिऱ्हाईक मात्र पुन्हा फी भरील, पुन्हा सुट्टी काढील, ट्रेलर भाड्यानं घेईल आणि वर म्हणेल की कड तुझी होती. ते खरंच असेल. आणि दया येऊन कोणाची गाडी तू स्वतः जोडून देऊ नकोस. हौशी बांधणीची सवलत स्वतःसाठी स्वतः बांधणाऱ्याला आहे. कागदावर त्याची सही आणि जोडणी तुझी, हे परीक्षकापुढे टिकत नाही.

पैशाचं पटकन उरकतो. तुझ्याच आकड्यांनी सामान १४०० आणि काम ७० तास. तासाला २० पौंड पडले. त्यातून शेडचं भाडं, गॅस, डिलिव्हरी आणि विमा जायचा. एका गिऱ्हाइकाला फोनवर चाळीस तास गेले, आणि जातातच, तर तासाला १३ पौंडही राहत नाहीत. सहा किटचे १६,८०० होतात, व्हॅट नोंदणीची मर्यादा ९०,००० आहे, तेव्हा निदान ती डोकेदुखी नाही.

विम्याचं मात्र चेष्टेवारी नेऊ नकोस. १९८७ च्या इथल्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सदोष मालामुळे कोणाला इजा झाली तर तुझा हलगर्जीपणा त्याला सिद्ध करावा लागत नाही. माल सदोष होता आणि त्यामुळेच इजा झाली, एवढं पुरतं. माल बाजारात आणल्यापासून १० वर्षं ही जबाबदारी मानगुटीवर असते. वेल्समधल्या मास्तराची गाडी नुसती ओढत होती. वेल्ड तुटला असता तर?

नाकाचं तू एका ओळीत उरकलंस, पण माझं लक्ष गेलं. जुन्या बाजारातून आणलेल्या कोणाच्यातरी नाकावरून तू साचा काढलास. स्वतःच्या एका गाडीपुरतं मी काही बोललो नाही. विकायला काढलंस तर ते दुसऱ्याचं नाक. १९८० च्या दशकात केटरहॅमशी झालेल्या कायदेशीर वादानंतर वेस्टफील्ड या किट कंपनीला गाडीचं रूप बदलावं लागलं होतं, आणि वेस्टफील्ड काही तुझ्यासारखी एकटी शेडमध्ये बसलेली नव्हती. थर्माकोल घे, कानस घे, स्वतःचं नाक घड. वाईट झालं तरी तुझं असेल.

एक गोष्ट तू फार शहाणपणाची केलीस: सामानासाठी माझदाची एमएक्स-५ धरलीस. इथल्या जुन्या किट फोर्ड एस्कॉर्टच्या ॲक्सलवर उभ्या होत्या. एस्कॉर्ट हौशी लोकांनी कपाटात ठेवायच्या वस्तू केल्या आणि ॲक्सल सोन्याच्या भावानं जायला लागले, मग सगळे फोर्डच्याच सिएराकडे वळले. आता पहिल्या पिढीची एमएक्स-५ पण महाग व्हायला लागली आहे. तू चॅसी दुसऱ्या पिढीच्या सामानालाही बसेल अशी कर. त्या गाड्यांच्या बॉडीखालचे पुढचे रेल गंजतात, एमओटी या वार्षिक तपासणीत गाड्या नापास होतात आणि स्वस्तात मिळतात. रेल गंजले तर गंजू देत, तुला इंजिन, डिफ आणि हब हवेत.

बाबा म्हणतात तसं सांगलीत विकायचं मनात आणू नकोस. तिथे घरी बांधलेल्या एकट्या गाडीला आयव्हीएसारखी सरळ वाट नाही. विकायच्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणी संस्थेकडून पास करून घ्यावा लागतो. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सवाल्यांनी इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घालून सेव्हनच्या घाटाची रोडस्टर केली, ती बघून मला फार आनंद झाला होता. पण त्यांनी गाडी विकली, तू खोकं विकणार.

शनिवारी दहाला ये. माझ्याकडे सर्फेस प्लेट, म्हणजे मापं घ्यायची अगदी सपाट पाटी, आहे, जिगचे क्लॅम्प एकेक करून तपासू. जिगचं ड्रॉइंग आण, आणि लांबवलेल्या भोकांची यादी प्रामाणिकपणे लिहून आण. काकू थालीपीठ करणार आहे.

नाक घरीच ठेव.

तुझा,
काका