भाडं निम्मं, म्हणजे भरपाईही निम्मी

प्रश्न : मी तीस फुटी जुनी फायबरची शिडाची बोट स्वतःसाठी विकत घेतली आहे. तिची रुंदी दहा फूट. ती ट्रेलरवरून रस्त्याने न्यायची आहे. तीन कंपन्यांकडून दर मागवले. दोघींचे दर जवळपास सारखे होते, तिसरीचा त्यांच्या निम्मा. तिसरीला फोनवर होकार देऊन टोकन भरलं. आता ते म्हणतात, बोट चढवण्याआधी सगळं भाडं द्या, विमा आमच्याकडे आहेच. पाठवलेल्या कागदावर मात्र ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असं छापलंय, आणि पैसे भरायचं खातं कंपनीच्या नव्हे, भलत्याच माणसाच्या नावावर आहे. मी फसतोय का? टोकन परत मिळेल का?

उत्तर : फसताय की नाही ते इथे बसून कसं सांगू? पण त्या खात्यावर आज आणखी पैसे भरू नका, एवढं नक्की सांगते.

आधी त्या निम्म्या दराबद्दल. दर कमी म्हणजे पैसे वाचले, असा तुमचा हिशेब आहे. कायद्याचा हिशेब वेगळा आहे. ‘कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७’ आणि त्याखालचे २०११ चे नियम सांगतात, की मालाचं नुकसान झालं तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच, आणि तीही तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. समजा, महागड्या दोघींच्या भाड्याच्या तीसपट तुमच्या बोटीची किंमत आहे. त्यांच्याकडून बोट नेलीत आणि ती वाटेत पुरती निकामी झाली, तर एक तृतीयांश किंमत हाती येईल. निम्म्या भाड्यात नेलीत तर एक षष्ठांश. म्हणजे भाडं वाचवताना तुम्ही भरपाईसुद्धा कापून घेताय.

यातून सुटायची वाट कायद्यातच आहे. माल देताना भरायच्या फॉरवर्डिंग नोटमध्ये बोटीची खरी किंमत लिहा आणि जादा जोखमीचा दर, म्हणजे जास्त जबाबदारी घेण्याचं वाढीव भाडं, द्यायला तयार आहात, असं लेखी कळवा. मग दहापटीची मर्यादा आड येत नाही. कंपनी पारखायची माझी रीतही हीच. हा दर विचारला की जी कंपनी आकडा सांगते आणि तो कागदावर घालते, तिच्याशी पुढचं बोलावं. जी ‘साहेब, आजवर कधी काही झालं नाही’ म्हणते, तिला नमस्कार.

दुसरी गोष्ट, तुमचा करार नक्की कोणाशी आहे? बोटी वाहणाऱ्या पुष्कळ ‘कंपन्यां’कडे एकही ट्रेलर नसतो. त्या काम घेतात आणि पुढे दुसऱ्याला देतात. यात बेकायदा काही नाही. उलट या कायद्याच्या व्याख्येत दलाल आणि एजंटही येतात, त्यामुळे ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ म्हणून हात झटकणं त्यांना सोपं नाही. पण त्यासाठी बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावतीवर, त्यांचं नाव हवं. म्हणून या कायद्याखालच्या नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. प्रमाणपत्रावरचं, बिल्टीवरचं आणि बँक खात्यावरचं नाव एकच आहे ना, ते जुळवून पाहा. तुमच्या बाबतीत ते आत्ताच जुळत नाही.

‘मालकाच्या जोखमीवर’ या छापील ओळीला मात्र फार घाबरू नका. वाहतूकदाराच्या निष्काळजीपणाला ती ओळ ढाल होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली जुन्या कायद्याखाली म्हटलं आहे. शिवाय दाव्यात निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करायचा नसतो.

विम्याचं मात्र नीट पाहा. ‘विमा आमच्याकडे आहे’ याचा अर्थ बहुधा त्यांच्या गाडीचा विमा, किंवा फार तर त्यांच्या जबाबदारीचा. तुमच्या बोटीचा नव्हे. बोटीच्या या प्रवासाचा विमा स्वतःच्या नावाने घ्या आणि तो सर्व जोखमींचा आहे ना, ते पाहा. क्रेनने उचलताना आणि उतरवताना तो लागू आहे का, हे लेखी विचारा. बोटीचा जीव खरा धोक्यात असतो तो क्रेनचे पट्टे चुकीच्या जागी बसतात तेव्हा, आणि नेमकं तेव्हाच क्रेनवाला एकीकडे, ट्रेलरवाला दुसरीकडे आणि विमा कंपनी तिसरीकडे बोट दाखवते. अपुऱ्या बांधणीमुळे झालेलं नुकसान पॉलिसीत बहुधा वगळलेलं असतं. म्हणून ट्रेलरवर बोट टेकवायचा खालचा पाळणा कोण देणार, डोलकाठी कोण उतरवणार, हेही करारात लिहून घ्या. चढवण्याआधी तळाचे, कण्याचे, सुकाणूचे तारखेसह फोटो काढा आणि बिल्टीवर जुन्या ओरखड्यांची नोंद करून चालकाची सही घ्या.

तुमची बोट दहा फूट रुंद, आणि रस्त्यावरच्या वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर, म्हणजे साधारण साडेआठ फूट. तेव्हा हा ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो), म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरचा माल झाला, त्याला आगाऊ परवानगी लागते. ती परवानगी दाखवा, असं त्या स्वस्त कंपनीला सांगा. निम्म्या दराचं गुपित कदाचित तिथेच उलगडेल. वाटेत गाडी अडली, तर ‘दंड भरा, मग बोट सोडतो’ असा फोन तुम्हालाच येईल.

टोकनबद्दल. जप्तीची अट कुठे लिहिलेली नसेल, तर ते आपोआप बुडत नाही. अट असली तरी करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार त्यांना वाजवी भरपाईच मागता येते. नोंदणी, परवानगी आणि जोखमीचा दर लेखी मागा, सात दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही, तर करार रद्द केल्याचं कळवून टोकन परत मागा. तरीही दिलं नाही, तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येतं. बोट स्वतःच्या वापराची असल्याने ‘व्यापारी हेतू’चा अडसर तुम्हाला नाही.

पुढे कोणाहीकडून बोट नेली आणि तिला धक्का लागला, तर वाहतूकदाराला लेखी नोटीस १८० दिवसांत द्यायची असते. हे दिवस बोट पोचल्यापासून नाही, बुकिंगच्या तारखेपासून मोजतात. विमा कंपनीकडे दावा केलात तरी ही नोटीस चुकवू नका. तुमचे पैसे देऊन ती वाहतूकदाराकडे वसुलीला जाते, आणि तुमच्या चुकीने तिची वाट बंद झाली, तर ती तुमचाच दावा अडवेल.