जुन्या पॉप संगीतकाराची ५० वर्षांच्या कारकिर्दीवर मुलाखत घ्यायची आहे, कोणते प्रश्न विचारावेत?

कॉलेजच्या अंकासाठी मुलाखत आहे, समोरचा माणूस ५० वर्षं गातोय-वाजवतोय, आणि तुम्हाला प्रश्नांची यादी हवी आहे. अशीच यादी खिशात घालून मी एकदा गेलो होतो. त्याचं अजून वाईट वाटतं, म्हणून लिहितोय.

२०११ साली मी एका पुरवणीसाठी लिहायचो. मालाडच्या ऑर्लेममध्ये एक गोवेकर ट्रम्पेटवाले राहायचे, वय ७७. गोव्यातल्या सासष्टीच्या एका खेड्यातून १९५२ साली मुंबईत आले, धोबीतलावला गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत राहिले. रात्री हॉटेलात डान्स बँड, दिवसा फिल्मची रेकॉर्डिंग्ज, आणि पुढे कोकणी पॉपच्या तबकड्या. घरच्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव घेत नाही, नुसतं अंकल म्हणतो.

आमच्या संपादकांनी दहा प्रश्न लिहून दिले होते. प्रवास कसा सुरू झाला, अविस्मरणीय क्षण कोणता, आजच्या संगीताबद्दल काय वाटतं. सातवा होता, लॉर्नाने गाणं का थांबवलं? ख्रिस पेरीच्या बँडची गायिका लॉर्ना कोर्देरो वीसेक वर्षं गायली नाही आणि १९९५ साली परत आली, हे कोकणी गाणी ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. अंकलनी तो काळ जवळून पाहिलेला, म्हणून संपादकांना त्यांच्या तोंडून काहीतरी चटकदार हवं होतं.

पहिल्या प्रश्नाला अंकलनी पाच वाक्यं सांगितली. तीच पाच वाक्यं मी एका जुन्या कात्रणात वाचून गेलो होतो, शब्दसुद्धा तेच. सातवा प्रश्न विचारला तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “तें तिका विचार. म्हाका म्हजें विचार.”

मी कागद घडी करून ठेवला. पुढे काय विचारायचं ते सुचेना. त्यांच्या शर्टाच्या खिशात काहीतरी जड होतं, खिसा एका बाजूला लोंबत होता. हे काय आहे, एवढंच विचारलं. त्यांनी ट्रम्पेटचं माउथपीस काढून टेबलावर ठेवलं. चांदीचा मुलामा कडेने उडालेला, आतून पिवळं पितळ दिसत होतं. कवळी बसवल्यापासून ट्रम्पेट वाजत नव्हतं, ओठाला मागून आधारच राहिला नव्हता. पण माउथपीस ते रोज खिशात घालायचे. त्यांनी ते ओठाला लावलं आणि नुसत्या माउथपीसवर एक अख्खं कडवं वाजवून दाखवलं. आवाज डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा, पण सूर जागच्या जागी. खाली ठेवलं तेव्हा वरच्या ओठावर गोल वण उमटला होता.

त्यानंतर अडीच तास मला प्रश्न शोधावा लागला नाही. फिल्मच्या रेकॉर्डिंगला अख्खा ऑर्केस्ट्रा आणि गायक एकाच वेळी वाजवायचे-गायचे, शेवटच्या ओळीत एकाची चूक झाली की सगळ्यांनी पहिल्यापासून. ट्रम्पेटवाले सगळ्यात मागे, मायक्रोफोनपासून लांब, आणि गायकाची ओळ आली की हे भोंगा भिंतीकडे वळवायचे. म्यूट, म्हणजे आवाज दाबायचं झाकण, हरवला त्या दिवशी मोरीतला रबरी पंप धुऊन भोंग्यावर धरला होता.

मग त्यांनी आतून वह्या आणल्या. रोजची शिफ्ट, तारीख, स्टुडिओ, म्युझिक डायरेक्टरची आद्याक्षरं, रक्कम, आणि पैसे हातात पडले की बरोबरची खूण. फिल्म सेंटर, फेमस, मेहबूब. एकेका आठवड्यात नऊ-दहा नोंदी. सिंथेसायझर आले तशा नोंदी विरळ होत गेल्या, १९८६च्या वहीत चारच होत्या आणि दोनांपुढे खूण नव्हती. “आजच्या संगीताबद्दल काय वाटतं” या प्रश्नाचं खरं उत्तर त्या वहीत होतं.

त्या काळच्या तबकडीवर संगीतकार, गायक, गीतकार छापायचे, वाजवणाऱ्यांची नावं छापत नसत. आपल्या चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेट नावाच्या गोवेकर वादकाचा ट्रम्पेट आहे. शंकर-जयकिशनचं बरंचसं अरेंजिंग, म्हणजे कोणतं वाद्य कुठे काय वाजवणार ते लिहिणं, सबॅस्टियन डिसूझांचं. ही नावं किती मराठी घरांत माहीत आहेत? अंकलची स्वतःबद्दल तक्रार नव्हती. त्यांना दुसरंच नाव छापून हवं होतं. त्यांच्या गावच्या चर्चच्या शाळेत एक मेस्त होते, म्हणजे संगीताचे मास्तर. सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर वाचून गाणं, आणि व्हायोलिन त्यांनीच शिकवलं, बोट चुकलं की धनुकलीचा फटका. गावातली कित्येक मुलं त्या एका माणसामुळे नोटेशन वाचायला शिकली आणि मुंबईत पोटाला लागली. अंकल म्हणाले, मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, त्या शिष्याने १९७७ साली मेस्ताचं नाव गाण्यात घातलं, अख्ख्या देशाने ऐकलं. “म्हज्या मेस्ताचें नांव तूं पेपरांत घाल.” विजेच्या बिलाच्या पाठीवर त्यांनी ते नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आणि माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

संपादकांनी नाव कापलं. “कोण ओळखतं त्यांना? वाचकाला आठवणी हव्यात, पगारपत्रकं नकोत.” वह्याही गेल्या. उरलं काय, तर हॉटेलातली झगमग आणि कोणत्या नटाशी हात मिळवला ते. मी गप्प बसलो. तेव्हाही पटलं नव्हतं, आज तर अजिबात पटत नाही. हॉटेलांतली झगमग, दारूबंदीत बंद पडलेले बँड, हे सगळं पुस्तकांत मिळतं. मेस्ताचं नाव आणि १९८६ची वही त्या एका घरातच होती. ती सोडून मी जे आणलं ते ऑर्लेमला न जाताही लिहिता आलं असतं.

पुरवणीच्या दोन प्रती घेऊन गेलो. भिंग लावून, ओळीवर बोट ठेवून त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, “मेस्त खंय?” जागा कमी पडली म्हणालो. त्यांनी मान हलवली, पेपराची नीट घडी केली आणि मुलीला चहा टाकायला सांगितलं.

आता तुमचे प्रश्न. पहिलं वाद्य कुठून आलं, पैसे कोणी दिले? शिकवलं कोणी, आणि ते नाव कसं लिहायचं? पहिल्या कामाचे किती मिळाले? कोणत्या वर्षी काम नव्हतं, तेव्हा घर कशावर चाललं? घरात जुनं वाद्य, वही, करारपत्र, फोटो असेल तर ते हातात द्या आणि गप्प बसा. दुसऱ्या माणसाचं खाजगी विचारू नका, अंक कितीही खपणार असो.

एक सांगायचं राहिलं. तुमचे पाहुणे गायक असतील आणि नाव मोठं असेल तर शेजारी मॅनेजर बसेल, पैशांचं विचारू देणार नाही. तिथे माझा सल्ला निम्माच उपयोगी. आणि आठवणींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. एक गाणं मेहबूबला झालं असं अंकल छातीठोक सांगत होते, त्यांच्याच वहीत फिल्म सेंटर निघालं. ती वही बघून ते जितके खूश झाले तितके माझ्या लेखाने झाले नाहीत.

२०१४ साली ते गेले. विजेचं बिल माझ्याकडेच होतं. पुढच्या वर्षी त्यांच्या गावच्या फेस्ताची, म्हणजे चर्चच्या सणाची, स्मरणिका निघणार असं त्यांच्या मुलीकडून कळलं, तेव्हा मी दोन परिच्छेद लिहून पाठवले. छापून आले. मेस्ताचं नाव पहिल्या ओळीत आहे, बिलावर होतं तसंच.