आंदोलनात गाडी अडकली, तर पुढच्या तिकिटाचं काय?

साताऱ्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. पत्नी आणि दोन मुलांसह ते मे महिन्यात युरोपला जाणार आहेत. पॅरिस ते मिलान आणि त्याच दुपारी मिलान ते रोम अशी दोन तिकिटं त्यांनी एका संकेतस्थळावरून काढली आहेत. दोन्ही स्वस्तातली, पैसे परत न मिळणारी. त्याच रात्री रोमहून मुंबईचं विमान आहे. संप आणि मोर्च्यांच्या बातम्या वाचून ते विचारतात, गाडी रद्द झाली तर भरपाई मिळेल का?

संप ही दैवी आपत्ती मानतात का, हे अनेकांनी विचारलं आहे. त्याकडे नंतर येतो, कारण तुमचा निकाल तुम्ही पाठवलेल्या तिकिटाच्या तळाशीच लिहिलेला आहे. 'ही तिकिटं म्हणजे स्वतंत्र करार आहेत.' पैसे भरण्याआधी हाच मजकूर समोर आला होता आणि तुम्ही न वाचता त्यापुढे खूण केलीत. चार जणांचे पैसे भरताना दोन मिनिटं वाचायला हवं होतं, हे स्पष्टच सांगतो.

युरोपीय संघाचा रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचा नियम (2021/782) जून 2023 पासून लागू आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे एकाच रेल्वे कंपनीकडून एकाच व्यवहारात घेतलेली जोडगाड्यांची तिकिटं थ्रू तिकीट, म्हणजे पूर्ण प्रवासाचा एकच करार, ठरतात. पहिल्या गाडीला उशीर होऊन दुसरी चुकली, तरी पूर्ण प्रवासाची जबाबदारी कंपनीवर राहते. त्रयस्थ विक्रेत्याने स्वतःहून तिकिटं जोडून विकली आणि गाडी चुकली, तर त्याला सगळी रक्कम परत करून वर 75 टक्के भरपाई द्यावी लागते. पण तिकिटं स्वतंत्र आहेत असं तिकिटावर छापलं असेल आणि खरेदीआधी तसं सांगितलंही असेल, तर ही जबाबदारी उरत नाही. सांगितलं होतं हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर असतो, पण तुमच्या खुणेने त्याचं काम सोपं केलं आहे.

म्हणजे पॅरिस-मिलान गाडी रद्द झाली, तर त्या तिकिटाचे पैसे किंवा पर्यायी गाडी मिळेल. 'पैसे परत नाहीत' ही अट तिथे चालत नाही. पण रोमची गाडी वेळेवर सुटली आणि तुम्ही तिच्यात नव्हता, तर ते तिकीट बुडालं. विमानाचं तर रेल्वेला काही देणंघेणंच नाही.

आता आंदोलनाबद्दल. रेल्वेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप ही कंपनीला भरपाई टाळण्याची सबब नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. एक तास किंवा त्याहून जास्त उशिराला भाड्याच्या 25 टक्के, दोन तासांपासून पुढे 50 टक्के. बाहेरची माणसं रुळांवर उतरली आणि कंपनीला ते टाळता येण्यासारखं नव्हतं, तर मात्र ही भरपाई मिळत नाही. तिकिटाचे पैसे किंवा पर्यायी गाडीचा हक्क तरीही राहतो. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गाझाच्या प्रश्नावर इटलीत झालेल्या सार्वत्रिक संपांत दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या. कर्मचारी संपावर होते आणि निदर्शक स्थानकांत, रुळांवर होते. अशा दिवशी नेमकी तुमची गाडी कशामुळे थांबली, हे रेल्वेकडून लेखी घ्या. त्याशिवाय कोणाचंही मत, माझंसुद्धा, अंदाजच आहे.

आज करण्यासारखं एक काम आहे. ही तिकिटं बदलता येत असतील, थोडं नुकसान सोसूनही, तर पॅरिस ते रोम एकाच कंपनीकडून एका व्यवहारात घ्या आणि निघण्याचा दिवस एकाने अलीकडे आणा, म्हणजे विमानाआधी रोममध्ये एक पूर्ण रात्र हाताशी राहील. तेवढं जमत नसेल, तर निदान रात्र तरी वाढवा.

बातमी वाचून घाबरून स्वतः तिकीट रद्द करू नका. तुम्ही रद्द केलंत तर स्वस्त तिकिटाच्या अटी लागू होतात. कंपनीने रद्द केलं तर कायदा लागू होतो. इटलीत संपाची नोटीस साधारण दहा दिवस आधी द्यावी लागते आणि काही गाड्या हमीने चालतात. फ्रान्समध्ये संपकरी रेल्वे कर्मचाऱ्यांना 48 तास आधी कळवावं लागतं, त्यामुळे खरं वेळापत्रक बहुधा आदल्या संध्याकाळीच समजतं.

स्थानकावर अडकलात तर घड्याळ बघा. सुटण्याच्या वेळेपासून 100 मिनिटांत कंपनीने पर्यायी मार्ग सांगितला नाही, तर दुसऱ्या रेल्वेचं किंवा बसचं तिकीट काढून त्याचा वाजवी खर्च मागता येतो. विमानाचं नाही. पावत्या जपा आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत करा.

विक्रेता भारतीय असेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली साताऱ्याच्या जिल्हा आयोगातही जाता येतं. मुदत दोन वर्षं. अशी तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, वर्षं जातात आणि तिकिटाच्या रकमेसाठी माणूस थकून माघार घेतो. हे बदलायलाच हवं, पण मेपर्यंत बदलणार नाही.

व्हिसावरचे मुक्कामाचे दिवस मोजलेत का? वैधतेची शेवटची तारीख आणि मंजूर दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संपामुळे शेवटच्या मंजूर दिवशी निघता येणार नसेल, तर मुदत संपण्याआधीच तिथल्या स्थानिक अधिकाऱ्यांकडे पुराव्यासह अर्ज करा. अपरिहार्य कारण त्यांना पटलं, तर मुदतवाढ विनाशुल्क मिळते.