आधी दुकानात उभा राहा

प्रिय मित्रा,

रेकॉर्ड वाजवायला टर्नटेबल कुठलं घेऊ, असं तू विचारलं आहेस. माझं ऐकशील तर एवढ्यात घेऊच नकोस. काही महिने नुसता रेकॉर्डच्या दुकानांत जा आणि तिथे जे वाजत असेल ते ऐक. यंत्र कधीही मिळेल. कान मात्र आत्ताच तयार व्हायला हवेत.

मोबाइलवर तू ऐकतोस ते एकतर तू निवडलेलं असतं, नाहीतर तुझी आवड हेरून कुणी तुझ्यापुढे सरकवलेलं. दुकानात लागतं ते दुकानदाराच्या त्या दिवशीच्या मनातलं. तू आत शिरतोस तेव्हा गाणं निम्म्यावर आलेलं असतं. कोण गातंय माहीत नाही, राग पटकन ओळखू येत नाही आणि पुढे ढकलायला हाताशी बटण नाही. मग कान आपोआप कामाला लागतात. नाव कळण्याआधी आवाज कळतो, त्याचा लगाव, म्हणजे स्वर लावण्याची ढब कळते. मोठ्या नावाच्या दडपणाखाली न येता एखादा गायक आवडणं, हे सुख मला दुकानांनीच दिलं. म्हणून तिथे फोन काढून गाणं ओळखत बसू नकोस. बाजू संपू दे, मग विचार. चांगला दुकानदार नाव सांगून थांबत नाही, लगेच दुसरी तबकडी काढतो.

कारण तो आधी श्रोता असतो. पुण्यात कर्वे रस्त्यावर अलूरकर म्युझिक हाऊस होतं. सुरेश अलूरकरांनी दुकान चालवता चालवता शास्त्रीय गायनाच्या कॅसेटही स्वतः काढल्या. मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये तर घेण्याआधी ऐकायला छोट्या खोल्याच होत्या. ते २०१६ साली बंद झालं. तुझ्या वाट्याला ती खोली आली नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण चोरबाजार आहे. शुक्रवार सोडून कधीही मटण स्ट्रीटला जा आणि एखादी अठ्ठ्याहत्तरची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लावून दाखवायला सांग. दुकानदार फडक्याने धूळ पुसतो, सुई टेकवतो. आधी नुसती खरखर. मग गाणारा एकदम रागाच्या गाभ्यातच उतरतो, कारण एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावतात आणि सावकाश रमायला जागाच नसते. शेजारी घड्याळाचा भाव करणारा माणूसही तेवढ्यापुरता गप्प होतो. कुणी ओळखीचं नसतं, पण समेवर, म्हणजे ताल फिरून पहिल्या मात्रेवर आला की, दोन-तीन माना एकदम हलतात. घरी एकट्याने कितीही उत्तम यंत्रावर ऐकलंस तरी ही दाद तिथे नसते.

अशाच तीन-साडेतीन मिनिटांत मावलेली गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर, पृथ्वीवरचे आवाज घेऊन निघालेल्या तबकडीवर, अवकाशात गेली. गोव्यातल्या केरी गावच्या या बाई. त्या तबकडीसाठी रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने बाईंच्या ध्वनिमुद्रिकेची शिफारस केली होती, पण ती बाजारात मिळेना. शेवटी न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. म्हणून दुकानात गेलास की खाली ठेवलेली खोकीही उपसत जा. त्यातलंच काहीतरी काढून "हे लावता का?" असं विचारायला लाजू नकोस. गर्दी नसेल तर बहुतेक दुकानदार खुशीने लावतात.

कधीतरी घ्यावीशी वाटेलच. तेव्हा तबकडी कडेनेच धर आणि उजेडात तिरकी करून बघ. बारीक ओरखड्यांना फार घाबरू नकोस, पण नखाला लागेल असा ओरखडा असेल तर राहू दे. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी असेल तर पहिलं गाणं ऐकून भुलू नकोस, शेवटचं लावायला सांग. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे या एकाच वेगाने फिरते, पण मधल्या लेबलजवळ फेरा लहान होतो आणि तेवढ्याच वेळाचा आवाज कमी जागेत दाटतो. झिजलेली रेकॉर्ड आधी तिथेच फाटल्यासारखी वाजते. तिथला षड्ज स्वच्छ ऐकू आला की खुशाल पैसे दे.

आणि हो, अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या लाखेच्या असतात, हातातून सुटल्या की तुकडे. लोकलने आणणार असशील तर दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये बांधून घे. गर्दीच्या वेळी मात्र अजिबात आणू नकोस.

तुझा,
काका