बिल्टीवरचा आकडा, ट्रेलरवरची मायनर

प्रश्न : मी नेरुळला राहते. वडिलांची 1951 सालची मॉरिस मायनर आमच्याकडे आहे. दिल्लीच्या एका व्हिंटेज रॅलीसाठी ती 9 फेब्रुवारीला कळंबोलीच्या एका एजंटाकडून बंद कंटेनरने पाठवली. भाडे 46,000 रुपये, सगळे आगाऊ दिले. 15 तारखेला रात्री अकराला दिल्लीतल्या द्वारकेत गाडी उतरली ती उघड्या ट्रेलरवरून. मामेभावाने अंधारातच 'माल बरोबर मिळाला' या शिक्क्याखाली सही केली. सकाळी पाहिले तर पुढचा बंपर वाकलेला, डावे मडगार्ड चेपलेले आणि काच तडकलेली. दुरुस्तीचा अंदाज 2,10,000 रुपये. एजंट म्हणतो, बिल्टीवर (माल घेतल्याच्या पावतीवर) 'ओनर्स रिस्क' (धोका मालकाचा) छापले आहे आणि ट्रेलर आमचा नव्हताच. विमा कंपनी म्हणते, गाडी चालत नव्हती, ट्रकवर होती, म्हणून क्लेम बसत नाही. जून अर्धा संपला, गाडी अजून दिल्लीतच आहे. बिल्टी, पॉलिसी, फोटो आणि गॅरेजचा अंदाज सोबत पाठवला आहे. काय करू?

उत्तर : ताई, आधी एक तारीख लिहून ठेवा : 8 ऑगस्ट. कॅरेज बाय रोड अॅक्ट, 2007 च्या कलम 16 प्रमाणे मालाच्या नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत मिळालेली असावी लागते. दिवस बुकिंगपासून मोजायचे, डिलिव्हरीपासून नव्हे. 9 फेब्रुवारीपासून 180 दिवस 8 ऑगस्टला भरतात. ही नोटीस नसेल तर पुढचा कोणताही दावा दारातच अडतो. एजंटाला तुम्ही केलेले फोन आणि व्हॉट्सअॅपवरची भांडणे म्हणजे ही नोटीस नव्हे. जूनमध्येच स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि तीच ईमेलवरही टाका. नोटिशीत बिल्टीचा क्रमांक व तारीख, बिल्टीवरचा ट्रक क्रमांक, प्रत्यक्ष गाडी उतरवणाऱ्या ट्रेलरचा क्रमांक, नुकसानीची एकेक बाब, 2,10,000 चा अंदाज आणि पैसे देण्यासाठी 15 दिवसांची मुदत, एवढे पुरे. एजंट आणि ट्रेलरचा मालक, दोघांनाही पाठवा.

'ट्रेलर आमचा नव्हता' हे कायद्यात चालत नाही. या कायद्यातल्या 'कॉमन कॅरियर'च्या व्याख्येत बुकिंग करणारी कंपनी, कंत्राटदार, एजंट, दलाल हे सगळे येतात. बिल्टी ज्याने फाडली तो जबाबदार. त्याने पुढे कोणाकडे माल सोपवला हा त्यांचा आपसातला हिशोब.

'ओनर्स रिस्क'ला तर अजिबात घाबरू नका. हे शब्द छापले म्हणून वाहतूकदार स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नाथ ब्रदर्स एक्झिम विरुद्ध बेस्ट रोडवेज या 2000 च्या निकालात स्पष्ट केले आहे. शिवाय कलम 12 प्रमाणे निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करण्याची गरजच नाही. तुम्हाला दाखवायचे आहे एवढेच, की गाडी चढवताना धड होती आणि उतरली तेव्हा मोडलेली होती.

इथे मामेभावाची ती सही आडवी येते. ती पुरावा आहे हे खरे, पण अखेरचा शब्द नाही. कळंबोलीत गाडी चढवतानाचे फोटो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 7.40 ला एजंटाला पाठवलेले फोटो यांच्यामध्ये गाडी फक्त वाहतूकदाराच्या ताब्यात होती. बिल्टीवर कंटेनरचा नंबर आणि उतरवतानाच्या फोटोत दुसऱ्याच ट्रेलरचा नंबर, म्हणजे वाटेत कुठल्या तरी यार्डात गाडी हलवली गेली. माझ्या मते तुमच्या हातातला सर्वांत पक्का पुरावा हाच आहे. दोन्ही वाहनांच्या फास्टॅग आणि जीपीएसच्या नोंदी नोटिशीतच मागा. ज्या फोनमधून फोटो काढले तो विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र मूळ फाइलवर द्यावे लागते आणि फॉरवर्ड केलेल्या फोटोत मूळ वेळ-तारीख उरत नाही. मामेभावाचे प्रतिज्ञापत्र करून घ्या : वेळ रात्री अकरा, दिवा नव्हता, ड्रायव्हर घाईत होता.

नुकसान कसे झाले तेही फोटोत दिसते. पट्ट्याचा हूक बंपरच्या ब्रॅकेटला अडकवला आहे. मायनरला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. स्प्रिंग म्हणून पुढे टॉर्शन बार (पीळ खाणारी सळई), मागे पाटे. बंपरला बांधलेली गाडी प्रत्येक गतिरोधकावर स्प्रिंगवर खाली बसते, पट्टा सैल होतो, गाडी वर उसळली की पट्टा झटका देतो. हजारो झटक्यांनंतर ब्रॅकेट वाकते, बंपर मडगार्डवर दाबला जातो. चाकांवरून पट्टा घेतला असता तर गाडी स्प्रिंगवर हवी तेवढी हलली असती आणि बॉडीवर काहीच ताण आला नसता. दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजकडून हे कारण दोन ओळींत लेखी घ्या, विमा कंपनीच्या सर्व्हेअरलाही द्या.

आता तो आकडा. बिल्टीवर मालाची किंमत 2,00,000 लिहिली आहे. एजंटाने ती विमा पॉलिसीच्या आयडीव्हीवरून (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीवरून) उतरवली असावी. कॅरेज बाय रोड नियम, 2011 प्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापट, म्हणजे तुमच्या बाबतीत 4,60,000 पर्यंत जाते, पण जाहीर केलेल्या किमतीच्या वर नाही. म्हणजे नुकसानीपोटी एजंटाकडून जास्तीत जास्त 2,00,000 ची अपेक्षा धरा. मात्र कायद्यात ही मर्यादा 'गुड्स फॉरवर्डिंग नोट'मधल्या (मालाचा तपशील लिहून देण्याच्या कागदातल्या) किमतीची आहे, आणि ती नोट माल पाठवणाऱ्याने द्यायची असते. तुम्ही अशा कागदावर सही केली होती का, हे आठवा. नसेल तर तो आकडा तुमचा नव्हता, एजंटाने परस्पर भरला, असा मुद्दा नक्की मांडता येतो. तो मान्य होईलच याची हमी मी देत नाही.

विमा कंपनीचे उत्तर मात्र सरळ चुकीचे आहे. तुमची पॉलिसी पॅकेज आहे, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरणारी, नुसती थर्ड पार्टी नाही. खासगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत 'ओन डॅमेज'च्या धोक्यांच्या यादीत आग, चोरी, अपघात यांच्याबरोबर रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने नेली जात असताना झालेले नुकसानही येते. पॉलिसीचा कागद उघडा, ती ओळ पेनाने अधोरेखित करा, फोटो काढा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला त्याच ओळीसह ईमेल करा. फोनवर वाद घालण्यात अर्थ नाही.

पण क्लेम मंजूर झाला म्हणजे सगळे आलबेल असे नाही. प्रमाणित पॉलिसीत दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस', म्हणजे पूर्ण नुकसान झालेली, ठरते. तुमचा आयडीव्ही 2,00,000, म्हणून ती रेघ 1,50,000 वर आहे. अंदाज 2,10,000 चा पाहून सर्व्हेअर सहज म्हणेल, टोटल लॉस, दोन लाख घ्या, गाडी द्या. वडिलांची गाडी भंगारात आणि नोंदणी रद्द करण्याच्या वाटेवर! तसे होऊ द्यायचे नसेल तर नीट हिशोब मांडा. पॉलिसीतला शब्द 'पॉलिसीच्या अटींच्या अधीन' असा आहे, म्हणजे घसारा वजा केल्यानंतरचा खर्च मोजायचा, असा आग्रह धरा. दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा, काचेवर शून्य, मजुरीवर काही नाही. रंगकामाच्या एकत्र बिलात एक चतुर्थांश रंगसाहित्य धरून त्यावर 50 टक्के.

तुमच्या गॅरेजच्या अंदाजात धातूचे सुटे भाग 1,20,000, मजुरी आणि काच मिळून 55,000, रंगकाम 35,000 आहे. भागांचे 60,000 कापले. रंगसाहित्य 8,750 चे, त्यातले 4,375 कापले. उरले 1,45,625. रेघेच्या आत, तेही फक्त चार हजारांनी. म्हणून दिल्लीच्या गॅरेजला 'बरोबरीने हेही करून द्या' म्हणून जुनी दुखणी या अंदाजात घालायला लावू नका. एका जुन्या दाराच्या गंजाने टोटल लॉस होईल. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये सक्तीची वजावट असते, ती धरून विम्याकडून 1,44,625 यायला हवेत. उरलेले 65,375 एजंटाकडून.

कंपनी पैसे देताना एक कागद पुढे करेल. तो 'लेटर ऑफ सबरोगेशन' (भरपाई दिल्यावर तुमच्या जागी वसुली करण्याचा हक्क कंपनीला देणारे पत्र) असेल तर हरकत नाही. 'असाइनमेंट' असा शब्द असेल तर सहीपूर्वी थांबा, कारण त्यात तुमचा दावाच कंपनीच्या नावे जातो. सबरोगेशनमध्येही 'विम्याने न भरलेल्या नुकसानीचा हक्क माझ्याकडे राखून' हे शब्द स्वतःच्या हाताने घाला. आणि एजंटाने मधल्या काळात वीस-पंचवीस हजार देऊन 'पूर्ण व अंतिम' पावतीवर सही मागितली तर अजिबात करू नका. वाहतूकदाराला सोडून दिले की विमा कंपनीला वसुलीचा हक्क राहत नाही, आणि मग ती तुमचाच क्लेम नाकारते.

सर्व्हे होईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका, पण तडकलेल्या काचेतून पाणी आत जाऊ देऊ नका. दिल्लीचा पाऊस जुलैत येतोच. गाडी झाका, गालिचे काढा, त्याचे फोटो ठेवा. निगा न राखल्याचा ठपका नको. आणि गाडी सोसायटीच्या आतच राहू द्या. पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांबद्दल दिल्लीत हरित लवादाचे आणि 2018 पासून सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आहेत, रस्त्यावर उभी केली तर विनाकारण एक भानगड वाढेल.

नोटिशीला दाद मिळाली नाही तर ग्राहक आयोग. गाडी खासगी वापराची, म्हणून तुम्ही ग्राहक आहात. अधिकारक्षेत्र दिलेल्या मोबदल्यावर ठरते, मागणीवर नाही, त्यामुळे जिल्हा आयोग आणि फी शून्य. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणून कळंबोली रायगड जिल्ह्यात असली तरी तुम्हाला अलिबागला जावे लागत नाही. नेरुळ ठाणे जिल्ह्यात येते, बेलापूरला कोकण भवनातला अतिरिक्त ठाणे जिल्हा आयोग तुमचा. मुदत दोन वर्षे, तक्रार ऑनलाइन, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर. एजंट आणि विमा कंपनी दोघांनाही एकाच तक्रारीत सामनेवाले करा. निष्काळजीपणा सिद्ध न करण्याची सवलत ग्राहक आयोगातही मिळते, हे पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा (2000) मध्ये ठरले आहे; तो निकाल जुन्या 1865 च्या कायद्यावरचा असला तरी तरतूद तीच आहे.

पोलिसांत जायचा विचार सध्या सोडा. ओडोमीटर चढवतानाच्या फोटोपेक्षा बरेच पुढे गेले असेल, म्हणजे कोणी गाडी रस्त्यावर फिरवली असेल, तरच मला पुन्हा लिहा.

गाडी परत आणताना ही चूक पुन्हा नको. गुड्स फॉरवर्डिंग नोट स्वतः भरा, किंमत खऱ्या मूल्यांकनाची लिहा आणि कलम 11 खालचा 'हायर रिस्क रेट' (जादा जोखमीचा वाढीव दर) मागा. हा दर वाहतूकदाराने आपल्या कार्यालयात इंग्रजीत आणि त्या राज्याच्या भाषेत लावलेला असायला हवा. कळंबोलीत मराठीत, दिल्लीत हिंदीत. तो भरला की दहापटीची मर्यादा गळून पडते. शिवाय एका प्रवासापुरती इनलँड ट्रान्झिट पॉलिसी (मालाच्या प्रवासाचा विमा), सर्व जोखमींचा क्लॉज 'ए' घ्या. वापरलेली वस्तू म्हणून त्यात 'ओरखडे व चेपणे वगळून' अशी ओळ घुसवतात, ती काढून घ्या नाहीतर पॉलिसीचा उपयोग नाही. बिल्टीवर 'बंद कंटेनर, वाटेत गाडी बदलायची नाही' हे लिहूनच घ्या.

रस्त्यावरच्या तपासणीसाठी आरसी, विमा आणि 'वैयक्तिक वापराची गाडी, विक्रीसाठी नाही' असे स्वाक्षरीचे पत्र ड्रायव्हरकडे द्या. वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंना ई-वे बिलातून (मालवाहतुकीच्या जीएसटी कागदातून) सूट आहे, तरी नाक्यावरचा वाद टाळायला नागरिक म्हणून ऑनलाइन ई-वे बिल काढून ठेवलेले बरे.

पॉलिसीच्या नूतनीकरणाला मूल्यांकन प्रमाणपत्र जोडून आयडीव्ही वाढवून मागा. पाच वर्षांपुढच्या गाडीचा आयडीव्ही परस्परसंमतीने ठरतो. विमा एजंट 'व्हिंटेज पॉलिसी' म्हणून अॅग्रीड व्हॅल्यूची (आधीच ठरवलेल्या भरपाईच्या किमतीची) गोष्ट सांगेल. मोटर टॅरिफमध्ये ती 31 डिसेंबर 1940 पूर्वीच्या गाड्यांसाठी आहे, तुमची त्यात बसत नाही. आरटीओचे व्हिंटेज वेगळे : 2021 च्या नियमांत पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली, मूळ स्वरूपातली गाडी. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर त्यात टिकतो, पण नंतर ती रॅली, प्रदर्शन, इंधन आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर काढता येते. रविवारी पामबीचवर फेरी मारायची सवय असेल तर अर्जाआधी घरात बोलून घ्या.

चढवताना स्वतः किंवा मामेभाऊ तिथे हजर हवेत, तेही उजेडात. चारही चाकांवरून चार रॅचेट पट्टे, चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे, टाकीत पाव पेट्रोल. बॅटरीची बॉडीला जाणारी वायर काढायची. मायनर कारखान्यातून पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली) येते, म्हणून सवयीने 'काळी' वायर काढणाऱ्या हमालाला थांबवा, बॉडीला गेलेली वायर बोटाने दाखवा. पन्नास-साठ किलोमीटरवर पट्टे पुन्हा आवळायला सांगा, कारण पहिल्या तासात ते सैल पडतात. आणि नेरुळला गाडी उतरेल तेव्हा पोचपावतीवर सही करण्याआधी टॉर्च घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. काही दिसले तर पावतीवरच लिहा, ड्रायव्हरची सही घ्या, मग चावी घ्या.