आख्यायिका की दंतकथा?

प्रश्न असा आहे: डिक व्हिटिंग्टन हा लंडनचा खरोखरीचा मेयर. मग मांजरामुळे नशीब फळफळलेल्या पोराची त्याच्या नावाची जी गोष्ट इंग्रज मुलं ऐकतात, तिला मराठीत 'दंतकथा' म्हणावं की 'आख्यायिका'?

माझं मत आख्यायिकेच्या बाजूने, आणि त्याला जुना आधार आहे. अमरकोश म्हणतो, 'आख्यायिकोपलब्धार्था', म्हणजे जिचा विषय ठाऊक आहे, घडलेला आहे अशी. लगेच पुढच्या ओळीत येतं, 'प्रबन्धकल्पना कथा', म्हणजे कल्पनेने रचलेली. बाणभट्टाचं 'हर्षचरित' ही आख्यायिका, कारण हर्ष राजा खरा. त्याचीच 'कादंबरी' ही कथा. (तिच्या नायिकेचं नाव मराठीने अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं, हे मला आजही विलक्षण वाटतं!) आजच्या मराठीत आख्यायिका हा शब्द बराच सैलावलाय, तरी खऱ्या व्यक्तीशी किंवा स्थळाशी असलेलं तिचं नातं तुटलेलं नाही. दंतकथेत भर असतो तो तोंडोतोंडी आलेलं आणि बिनपुराव्याचं असण्यावर.

आता व्हिटिंग्टनकडे पाहा. गोष्टीतला डिक अनाथ, उपाशी. मालकाच्या जहाजावर पाठवलेलं त्याचं मांजर परदेशी राजा सोन्याच्या राशी देऊन विकत घेतो. इकडे पळून चाललेल्या डिकला हायगेटच्या टेकडीवर चर्चच्या घंटांतून ऐकू येतं, 'मागे फिर, तू तीनदा मेयर होशील.' खरा रिचर्ड ग्लॉस्टरशरमधल्या पॉन्टलीच्या नाइट घराण्यातला धाकटा मुलगा. रेशीम आणि मखमल राजदरबाराला विकून तो गबर झाला. त्याने दुसरा रिचर्ड, चौथा हेन्री, पाचवा हेन्री अशा तीन राजांना कर्ज दिलं. मेयरपद त्याने चार वेळा भूषवलं, पहिल्यांदा 1397 मध्ये, राजाच्या नेमणुकीने. गोष्टीत डिक जिच्याशी लग्न करतो त्या ॲलिस फिट्झवॉरनचं नाव मात्र खऱ्या बायकोचंच.

1423 मध्ये तो निपुत्रिक वारला आणि सगळी संपत्ती शहराला देऊन गेला. तिच्यातून न्यूगेटचा तुरुंग नव्याने बांधला गेला, गिल्डहॉलला (लंडनच्या नगरसभागृहाला) ग्रंथालय झालं, गरिबांसाठी निवारा उभा राहिला. त्याच्या नावाचा धर्मादाय निधी कापडव्यापाऱ्यांची मर्सर्स कंपनी आजही चालवते. मला वाटतं, आख्यायिकेचं बीज इथेच पडलं. ज्याचं नाव पिढ्यान् पिढ्या उपकार म्हणून कानावर येतं, तो आपल्यातलाच, गरिबीतून वर आलेला असावा, असं लोकांना मनापासून वाटतं. सावकारी आणि मखमल यांत ती ऊब नाही.

मांजर आलं ते सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे तो गेल्यावर जवळपास दोनशे वर्षांनी. मांजरामुळे श्रीमंत होण्याची गोष्ट तर त्याच्या जन्माआधीच इराणात वस्साफच्या इतिहासग्रंथात नोंदलेली होती. एल्स्ट्रॅक नावाच्या चित्रकाराने कोरलेल्या व्हिटिंग्टनच्या चित्रात हाताखाली आधी कवटी होती. गिऱ्हाइकांना मांजरच हवं होतं, म्हणून कवटी घासून तिथे मांजर कोरलं गेलं.

तेव्हा 'व्हिटिंग्टनची आख्यायिका' आणि 'व्हिटिंग्टनच्या मांजराची दंतकथा' असं मी बेलाशक लिहीन. रॉबिन हूडबद्दल लिहिताना मात्र 'दंतकथा' हाच शब्द वापरावा, कारण तो अमुकच माणूस होता असं इतिहासकारांना आजवर ठरवता आलेलं नाही.