वाचकांचे प्रश्न : आकाश न्याहाळणाऱ्यांचा दिवस

प्रश्न : माझ्याकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ संपर्काचा परवाना आहे. अमेरिकेतील ‘स्कायवॉर्न रेकग्निशन डे’ काय असतो आणि नागपुरातून त्यात भाग घेता येईल का? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा आणि तेथील हौशी रेडिओ संघटना यांनी 1999 मध्ये हा उपक्रम सुरू केला. वादळ, गारपीट, चक्रीवात (टॉर्नेडो) यांची प्रत्यक्ष पाहिलेली माहिती हवामान कार्यालयास कळवणाऱ्या ‘स्कायवॉर्न’ स्वयंसेवकांविषयी कृतज्ञता व्यक्त करणे, हा त्यामागील हेतू आहे. रडार असताना माणूस कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पृथ्वीच्या वक्रतेमुळे रडारचा झोत अंतरागणिक जमिनीपासून उंच जातो आणि प्रत्यक्ष जमिनीवर काय घडते आहे, गार बोराएवढी की लिंबाएवढी, हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाच नेमके सांगता येते. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांना हा फरक वेगळा समजवावा लागणार नाही.

हा उपक्रम साधारणपणे डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी होतो. त्या दिवशी हौशी रेडिओधारक एकमेकांशी रेडिओवरून संपर्क साधतात, आणि नागपुरातूनही त्यात भाग घेता येतो. संपर्कात आपले संकेतनाम (परवान्यासोबत मिळालेली ओळख), ऐकू आलेल्या संदेशाची गुणवत्ता, ठिकाण आणि ‘निरभ्र’, ‘धुके’ असे एकदोन शब्दांतील हवामान सांगायचे असते. जागतिक प्रमाणवेळेनुसार शून्य वाजता सुरुवात, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. डिसेंबरातील नागपुरी थंडीत उठणे हीच काय ती खरी परीक्षा. लांबच्या संपर्कासाठी 20 मीटरचा पट्टा (सुमारे 20 मीटर लांबीच्या रेडिओलहरींचा) आजमावून पाहावा, मात्र तो आपल्या परवान्याच्या श्रेणीत बसतो याची आधी खात्री करावी.